राज्य कोणतं? बी.कॉम.नंतरचे एकवीस महिने

ऑक्टोबर २०२३ मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठाचा माझा बी.कॉम.चा निकाल लागला आणि जुलै २०२५ मध्ये मी बँकेच्या काउंटरवर बसले. मध्ये एकवीस महिने. त्यात अभ्यास फार तर आठ महिन्यांचा. उरलेले दिवस वाट बघण्यात, कागद जमवण्यात आणि एका चौकोनात काय भरायचं यावरून घरात वाद घालण्यात गेले. तो चौकोन म्हणजे बँकेच्या अर्जातला, 'कोणत्या राज्यासाठी अर्ज करता?' कर्नाटकात, बेळगाव सीमाभागात असलेल्या खानापूर-निपाणीकडच्या मराठी पोरांना गणितापेक्षा हा चौकोन जास्त छळतो. मला आधी कुणी नीट सांगितलं असतं तर निदान एक फी वाचली असती, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. शाळा मराठी. दहावीला पहिली भाषा मराठी, दुसरी इंग्रजी, तिसरी कन्नड. कन्नड मला वाचता येतं, बसची पाटी कळते, बाजारात भाव करता येतो. पण कन्नडमध्ये अर्ज लिही म्हटलं की घाम फुटतो. कॉलेजला प्रवेश घेतला २०२० मध्ये, म्हणजे पहिलं वर्ष माळावरच्या आंब्याखाली रेंज शोधत गेलं. त्यामुळं हातात पदवी आली तेव्हा आपल्याला नेमकं काय येतं याची मलाच खात्री नव्हती. गल्लीत मात्र रोज प्रश्न, "मग आता पुढं काय गे?"

नोव्हेंबरात मामाच्या ओळखीनं उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स असिस्टंट म्हणून लागले. पगार १०,५००. त्यातून पीएफ १,२६०, ईएसआय ७९, हातात ९,१६१. पहिल्या महिन्यात मला वाटलं काहीतरी चुकलंय, म्हणून मी स्लिप घेऊन हेड अकाउंटंट काकांकडं गेले. ते हसले आणि म्हणाले, "चुकलं नाही पोरी, सुरुवात अशीच असते. माझी दोन हजारांवर झाली."

सकाळी साडेसहाची बस पकडायची. खानापूरला बदलायची. मच्छे, पिरनवाडी मागं टाकून तिसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडं उतरायचं. जाऊन-येऊन रोजचे चार तास. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट आहे; कंडक्टर आधारवरचा कर्नाटकातला पत्ता बघतो आणि शून्य तिकीट फाडून देतो. ते शून्य तिकीट नसतं तर ही नोकरी मला परवडलीच नसती. नऊ हजारांतले दोन-अडीच हजार बसनंच खाल्ले असते. घरातल्या पुरुषांना ही सोय नाही. माझा चुलतभाऊ त्याच रस्त्यानं मोटरसायकलवर जातो आणि पेट्रोलचा हिशेब आम्हाला रोज ऐकवतो.

त्या नोकरीत शिकले मात्र पुष्कळ. टॅली, हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, कॉलेजात शिकवली होती म्हणायची. खरी टॅली कळली ती तिथं. अकरा तारखेला जीएसटीचं विवरणपत्र जीएसटीआर-१, वीसला ३बी, पन्नास हजारांवरचा माल गेटबाहेर जाताना ई-वे बिल, जॉबवर्कला गेलेल्या कास्टिंगचं चलन परत आलं की नाही याची वही. काका आकडे मराठीत पुटपुटायचे, हमालांशी कन्नडमध्ये बोलायचे आणि फोनवर परप्रांतातल्या गिऱ्हाइकांशी हिंदीत भांडायचे. तीन भाषांत एका माणसाला काम करताना बघून मला आधी कौतुक वाटलं, मग धास्ती. कारण हे सगळं येऊनही, वीस वर्षांनंतर, त्यांचा पगार तीस हजारांच्या आतच होता.

आमच्या वर्गातल्या बाकीच्यांचं तेव्हा काय चाललं होतं तेही सांगते, म्हणजे अंदाज येईल. दोघं गोव्याला गेले, कारखान्यात कंत्राटावर. हातात पंधरा-सोळा हजार, पण खोली आणि खाणं जाऊन घरी पाठवायला पाच. एक चाकणला. एकीनं बी.एड. धरलं; तिची मोठी बहीण आधीच अतिथी शिक्षिका होती, मानधन तेव्हा दहा हजारांच्या आसपास आणि शाळेला सुट्टी लागली की तेही बंद. गावातला एकजण अग्निवीर झाला. त्याला पहिल्या वर्षी तीस हजारांचं पॅकेज, त्यातले नऊ हजार निधीत जाऊन हातात एकवीस. सगळ्यात जास्त पैसे त्याचे होते आणि चार वर्षांनी काय ही सगळ्यात मोठी काळजीही त्याचीच.

युवानिधीबद्दल मला आजही विचारणा होते म्हणून तेवढं सांगून टाकते. २०२२-२३ मध्ये पास होऊन १८० दिवस बेकार असलेल्या पदवीधरांना कर्नाटक सरकार महिना ३,००० द्यायचं, डिप्लोमावाल्यांना १,५००, जास्तीत जास्त दोन वर्षं. मी नोकरीला लागलेली, त्यामुळं मला ते लागू नव्हतं. मैत्रिणीला मिळालं. तिचे पहिले दोन महिने अडकले कारण बँक खातं आधारशी जोडलेलं होतं, पण भलतंच, शाळेत असताना स्कॉलरशिपसाठी काढलेलं आणि बंद पडलेलं. शिवाय 'मी अजून बेकार आहे' असं दर महिन्याला २५ तारखेच्या आत ऑनलाइन सांगावं लागे. एकदा ती विसरली आणि पैसे थांबले. तिचे बाबा म्हणाले, "बेकार असल्याचं बी हजेरीपत्रक!"

आता माझी पहिली चूक. डिसेंबर २०२३ मध्ये स्टेट बँकेच्या क्लार्कचा अर्ज भरला, फी ७५०. राज्याच्या चौकोनात विचार न करता कर्नाटक टाकलं, पत्ता कर्नाटकातला आहे म्हणून. जानेवारीत परीक्षा झाली. दिवसा फाउंड्री, रात्री जेवणं आटोपल्यावर दीड तास अभ्यास, एवढ्यावर प्रिलिम, म्हणजे पहिल्या टप्प्याची परीक्षा, निघत नाही, निघाली नाही. पण परीक्षाकेंद्राबाहेर धारवाडहून आलेल्या एका मुलीशी बोलताना एक गोष्ट कळली. ती म्हणाली, पास झालीस तरी ब्रँच रायचूरला मिळेल नाहीतर चामराजनगरला, अख्खं कर्नाटक आहे. तिथं म्हातारा माणूस खेड्यातलं कन्नड बोलत काउंटरला येईल, त्याचा अर्ज तू लिहून देशील का? माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मार्चअखेर फाउंड्रीत ऑडिट संपलं आणि एप्रिलमध्ये मी नोकरी सोडली. पाच महिन्यांत २४,००० साठले होते. आई दोन दिवस बोलली नाही. हातातली नोकरी सोडून 'अभ्यास करते' म्हणणारी मुलगी आमच्या घरात मीच पहिली.

त्याआधी नावाचं प्रकरण निस्तरावं लागलं, आणि हे नीट वाचा, कारण सीमाभागातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी हे असतं. बाबांचं नाव परशराम. शाळेत मराठीत लिहिलं गेलं परशराम. दहावीच्या मार्कशीटवर इंग्रजीत उतरलं ते परशुराम. आधार काढलं तेव्हा फॉर्म कन्नडमधून भरला गेला आणि तिथं झालं परसराम. पॅनवर नुसतं 'पी'. म्हणजे कागदोपत्री मी तीन बापांची मुलगी. बँकेच्या भरतीत अर्जातलं नाव, प्रवेशपत्र आणि ओळखपत्र अक्षरन् अक्षर जुळायला लागतं. मार्कशीट दुरुस्त करायला गेले तर एका खिडकीवर "नाळे बर्री", उद्या या. असे चार 'उद्या' झाले. शेवटी एका जाणत्या कारकुनानंच हळू आवाजात सांगितलं, मार्कशीटला हात लावू नको, बाकीचं सगळं मार्कशीटसारखं करून घे. ते शहाणपणाचं निघालं. आधारची दुरुस्ती तेव्हा ५० रुपये, दहावीची मार्कशीट दाखवून, नऊ दिवसांत. मग पॅन. आधी आधार, मग पॅन, हाच क्रम ठेवा. आधारवरचं नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, तेव्हा तिथं बसलेल्या पोराला घाई करू देऊ नका. स्क्रीन आपल्याकडं वळवून घ्या आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. शिवाय 'ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र करून ठेवलं, टायपिंगसकट साडेतीनशे रुपये. ते पुढं दोन वेळा उपयोगी पडलं.

जुलै २०२४ मध्ये आयबीपीएसची, म्हणजे सरकारी बँकांची एकत्रित भरती करणाऱ्या संस्थेची, जाहिरात आली. पुन्हा तो चौकोन.

बाबा महाराष्ट्र एकीकरण समितीचे, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या संघटनेचे, जुने कार्यकर्ते. दरवर्षी १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या सायकल फेरीला जाणारच. ते म्हणाले, महाराष्ट्र. मामा बेळगावात दुकानदार, तो म्हणाला कर्नाटक, पोरगी जवळ तरी राहील. बाबा म्हणाले, २००४ पासून कोर्टात खटला आहे, निकाल लागला की गावच महाराष्ट्रात जाईल. मामा म्हणाला, भावजी, अर्जाची मुदत या महिन्यातच संपतेय. मी आणि आई हसून हसून बेजार.

निर्णय शेवटी मी वेगळ्याच हिशेबावर घेतला. त्या चौकोनाचा अर्थ 'तू कुठली' असा नसून 'काउंटरवर कोणत्या भाषेत लिहशील' असा आहे, हे धारवाडच्या त्या मुलीमुळं डोक्यात बसलं होतं. आणि एक गैरसमज दूर झाला. मला वाटायचं महाराष्ट्रासाठी डोमिसाइल लागेल. महाराष्ट्र शासनाच्या भरतीचं प्रकरण निराळं: महाराष्ट्रानं दावा केलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला जोडून अर्ज करता येतो आणि तो दाखला मिळवणं हा स्वतंत्र उद्योग आहे. आयबीपीएसला यातलं काही लागत नाही. देशात कुठंही राहा, कोणत्याही एका राज्यासाठी अर्ज करा. त्या राज्याची भाषा वाचता, लिहिता, बोलता आली पाहिजे. मी महाराष्ट्र टाकलं. फी ८५०.

अर्जात हाताने लिहिलेलं इंग्रजी प्रतिज्ञापत्र अपलोड करावं लागतं. ते कॅपिटल अक्षरांत चालत नाही, सहीसुद्धा कॅपिटलमध्ये चालत नाही. माझी सही तोवर कॅपिटलमध्येच होती! आठवडाभर वहीत नवी सही गिरवली. डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यायला शाईचं पॅड गावात सापडेना, म्हणून दूध डेअरीतून उसनं आणलं.

एप्रिल ते ऑगस्ट बेळगावात टिळकवाडीत एका अभ्यासिकेत बसले, महिना सहाशे. क्लास लावला नाही. धारवाडला आणि पुण्याला राहून शिकणाऱ्या मैत्रिणींचा महिन्याचा खर्च आठ-दहा हजारांवर होता, माझ्या चोवीस हजारांत ते बसणारं नव्हतं. मोबाइलवर मॉक टेस्टची वर्षाची वर्गणी भरली आणि रोज एक पेपर सोडवला. पहिले तीन आठवडे शंभरात चाळीसच्या वर गेले नाही. इंग्रजीचे तीस प्रश्न वीस मिनिटांत, हे मराठी शाळेतून आलेल्याला जडच जातं. मी उतारे शेवटी ठेवायला लागले आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो हे डोक्यात ठेवून अंदाजपंचे टिकल्या मारणं बंद केलं. एवढ्यानंच दहा मार्क वाढले.

प्रिलिम ऑगस्टच्या शेवटी, केंद्र कोल्हापूर. निपाणीपर्यंत शून्य तिकीट. तिथून महाराष्ट्राची एसटी: हद्दीपर्यंत पूर्ण तिकीट, हद्द ओलांडली की बायकांना अर्धं. कंडक्टरनं दोन तिकिटं फाडून हातात दिली, दूधगंगेच्या अलीकडचं आणि पलीकडचं. सीमाप्रश्न मला एवढा सुटसुटीत कुणी समजावला नव्हता.

महाराष्ट्र निवडल्यामुळं पेपर मराठीतून घेता आला. पण एक सांगते. सगळा सराव मी इंग्रजीत केला होता, त्यामुळं स्क्रीनवरचं भाषांतरित मराठी वाचताना अडखळायला झालं. रीझनिंगचे चार प्रश्न शेवटी भाषा बदलून इंग्रजीतच वाचले. ज्या भाषेत पेपर देणार त्याच भाषेत सराव करा.

प्रिलिमचा निकाल आला तेव्हा मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, दोन आठवडेही उरले नव्हते. मेन्स १३ ऑक्टोबरला, पुण्यात. आदल्या दिवशी दसरा. दुपारी घरोघरी सोनं देऊन आले, आईनं पुरणपोळ्या डब्यात भरल्या आणि संध्याकाळी बेळगावहून गोवा एक्सप्रेस पकडली. बाबा सोबत. पहाटे पुण्याच्या प्लॅटफॉर्मवर बसून आम्ही दोघांनी पोळ्या खाल्ल्या. १९० प्रश्न, १६० मिनिटं. बँकिंगच्या घडामोडींचा भाग बरा गेला, गणित रडवलं. अंतिम यादीत फक्त मेन्सचेच मार्क धरतात, म्हणून प्रिलिम निघाली की तिच्यावरच समाधान मानून बसू नका.

नंतरचे साडेपाच महिने या सगळ्यात वाईट. अभ्यास करायचा तर कशाचा, नोकरी धरायची तर सोडावी लागली तर काय. नोव्हेंबरात काकांनीच फोन केला आणि जीएसटीच्या कामापुरतं आठवड्यातून तीन दिवस बोलावलं, दिवसाला चारशे. त्यांनी मला एकदाही निकालाचं विचारलं नाही, एवढ्याकरता मी त्यांची ऋणी आहे.

१ एप्रिल २०२५ ला यादी लागली. तारीख बघून आईला वाटलं मी एप्रिल फूल करते आहे.

यादीत फक्त बँकेचं नाव असतं, शाखा नाही. बँकेकडून कागद तपासायला बोलावणं यायला आणखी दोन महिने. पुण्यात एका टेबलाशी मूळ मार्कशीट, कर्जफेडीचा सिबिल अहवाल, चारित्र्याचे दाखले, ते नोटरीचं प्रतिज्ञापत्र. साहेबांनी एक मराठी वर्तमानपत्र पुढं सरकवून वाच म्हणाले, पाच ओळी लिहून घेतल्या. मग पत्त्याकडं बघून विचारलं, "बेळगावच्या तुम्ही? मग कन्नडही येत असेल?" मी म्हणाले, थोडंथोडं. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. ते काय टिपलं ते जुलैत कळलं.

शाखा मिळाली जत तालुक्यात. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, २०२२ च्या शेवटी कर्नाटकानं ज्याच्या चाळीस गावांवर दावा सांगितला होता तोच तालुका. पहिल्याच आठवड्यात डाळिंबाचे पैसे जमा झाले का बघायला एक म्हातारी आली, पासबुक काचेखालून आत ढकललं आणि म्हणाली, "एष्ट ऐत्री?" किती आहेत? मी मान वर केली. शेजारच्या काउंटरवरचा मुलगा नागपूरकडचा, तो माझ्याकडं बघत होता. मी आकडा कन्नडमध्ये सांगितला, शेकड्यावर अडखळले. म्हातारीनं माझा शेकडा दुरुस्त केला. आता कन्नड बोलणारी सगळी गिऱ्हाइकं माझ्या खिडकीला लावतात. मामाला हे सांगितलं तेव्हा तो फोनवर पाच मिनिटं हसत होता. बाबा म्हणाले, "असू दे. खिडकी महाराष्ट्राची आहे."

पगाराचं विचाराल तर मूळ वेतन २४,०५०. महागाई भत्ता, विशेष भत्ता, घरभाडं धरून आणि पेन्शनची कपात, महाराष्ट्राचा दोनशे रुपये व्यवसायकर जाऊन हातात चौतीस हजारांच्या आसपास. खोलीला अडीच हजार. घरी बारा पाठवते. पहिले सहा महिने प्रोबेशन आहे. रोख कमी पडली तर भरपाई स्वतःच्या खिशातून, एकदा पाचशे गेले. सुरुवातीचा महिनाभर नोटांची बंडलं दोन-दोनदा मोजा, मागं रांग कितीही ओरडू दे.

पंधरा दिवसांतून एकदा घरी जाते. येताना बेळगावहून अथणीपर्यंत शून्य तिकीट. अथणीच्या स्टँडवर उतरून जतची एसटी बघायची, पुन्हा हद्दीपर्यंत पूर्ण आणि पुढं अर्धं. मॅनेजर म्हणतात आधारवरचा पत्ता इथला करून घ्या, सोपं पडेल. करायचाय. अजून खानापूरचाच आहे.